तेहेतीस अंश आणि पाऊस

नॉर्थ कॅरोलायनात बर्फ पडायचा असला की तो आधी पडद्यावर पडतो. जानेवारीचा मध्य, बाहेर साठ अंश फॅरनहाइटची गुलाबी थंडी, अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून लोक कुत्री फिरवताहेत, आणि ‘जीएफएस’ या अमेरिकन हवामान मॉडेलच्या नकाशावर दहा दिवसांनंतरच्या एका पहाटे रॉलीच्या बरोबर डोक्यावर जांभळा डाग उमटतो. बारा इंच. सहा तासांनी मॉडेल पुन्हा चालतं, डाग व्हर्जिनियात सरकतो. आणखी सहा तासांनी वादळच समुद्रात निघून जातं. शहाण्या माणसानं इथं नकाशा मिटावा आणि कामाला लागावं. आम्ही काहीजण तसं करत नाही.

आम्ही म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारे एक निवृत्त पोस्टमन, रात्रपाळी करणारी एक नर्स, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या एक बाई, दिवसभर बँकेचे धोके मोजणारा कॅरीतला एक तेलुगू मित्र, आणि मी. वय, धंदा, राजकारण, कशातच मेळ नाही. उन्हाळ्यात महिनोन्‌महिने एकमेकांची चौकशीही होत नाही. थँक्सगिव्हिंग उलटलं की फोन सुरू होतात आणि क्षेमकुशल बाजूला ठेवून पहिलाच प्रश्न येतो, ‘जीएफएस पाहिलंस का?’

रॉली अक्षांशानं तेहरानच्या रांगेत येतं. पूर्वेला अटलांटिक आणि त्यातून वाहणारा कोमट गल्फ स्ट्रीम, दक्षिणेला मेक्सिकोच्या आखाताची दमट ऊब, पश्चिमेला अपलाचियन डोंगर. वर्षाची सरासरी पाच-सहा इंच बर्फाची. पण त्या सरासरीवर जाऊ नये. २००० सालच्या जानेवारीत एकाच वादळानं इथल्या विमानतळावर २०.३ इंच बर्फ टाकला. तीस वर्षांच्या सरासरीत त्या एका वादळाचाच वाटा पाऊण इंचाच्या जवळ जातो. बाकी कित्येक हिवाळे इंचभरावर, अर्ध्या इंचावर, नाहीतर नुसत्या नोंदीपुरत्या भुरभुरीवर भागवतात. २०२२ च्या जानेवारीत लागोपाठ तीन आठवड्यांच्या अखेरीला बर्फ आला, आणि त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं मोजण्याजोगं काही पडलंच नाही. नर्सबाईंनी त्या काळात मुलासाठी घेतलेली घसरगाडी गॅरेजमध्ये कोरी करकरीत राहिली आणि मुलगा तिच्यात मावेनासा झाला.

मी माणदेशातला. दहिवडीच्या अलीकडं आमचं गाव. तिथून शंभर किलोमीटरच्या आत महाबळेश्वर, जिथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. आमच्याकडं पाचशेच्या आतबाहेर. सह्याद्री सगळं पाणी पश्चिमेच्या उतारावर उतरवून घेतो आणि आमच्याकडं रिकामे, पांढरे, देखणे ढग पाठवतो. डोंगराच्या पूर्वेला जन्मलेल्या माणसाला हा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. म्हणून इथं आल्यावर पहिल्यांदा जेव्हा कळलं, की रॉलीही डोंगराच्या पूर्वेलाच आहे पण इथं डोंगर आपल्या पदरात काही टाकतो, तेव्हा मला त्याचं अप्रूप वाटलं ते अजून ओसरलेलं नाही.

ते घडतं असं. क्वेबेक किंवा न्यू इंग्लंडच्या वर थंड, कोरड्या हवेचा जड दाब येऊन बसतो. तिथून ती हवा जमिनीलगत दक्षिण-पश्चिमेकडं सरकू लागते. जड असल्यामुळं तिला अपलाचियन चढता येत नाही. ती डोंगराच्या पायथ्याशी अडते, साचते आणि पायथा धरून दक्षिणेकडं उतरत राहते; व्हर्जिनिया, दोन्ही कॅरोलायना, कधी थेट जॉर्जियापर्यंत. हवामानशास्त्रात याला थंड हवेचा बांधच म्हणतात, इथले लोक ‘वेज’ म्हणतात, पाचर. डोंगराच्या पलीकडं टेनेसीत माणसं स्वेटर काढून बसलेली असतात तेव्हा आमच्याकडं या पाचरीखाली दात वाजत असतात. अशा वेळी दक्षिणेच्या आखातात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं वर निघाला, तर त्याचं पाणी या थंडीवर येऊन पडतं आणि बर्फ होतं.

होतं म्हणजे, होऊ शकतं. पाचरीची थंडी उथळ असते. जमिनीपासून दीड-दोन किलोमीटर वर आखातावरची ऊब तिच्या पाठीवरून आत नाक खुपसते. त्या उबेच्या थराला ‘वॉर्म नोज’च म्हणतात, आणि आमच्यात एखाद्या खाष्ट नातेवाइकाचा काढावा तसा त्याचा विषय निघतो. वरून निघालेला हिमकण त्या थरात थोडासा वितळला आणि खाली पुन्हा गोठला तर बर्फाचा टणक खडा होतो. पूर्ण वितळला आणि खालची थंडी पुरेशी जाड नसली, तर थेंब थेंबच राहतो आणि झाडाला, तारेला, पायरीला शिवताक्षणी गोठतो. २००२ च्या डिसेंबरात अशाच पावसानं कॅरोलायनातल्या दहा लाखांहून जास्त घरांची वीज घालवली होती. आणि जमिनीजवळही पाणी गोठवणाऱ्या बत्तीस अंशांच्या जागी तेहेतीस असले, तर नुसता पाऊस. जानेवारीतला, गार, चिकट, कुणाच्याही उपयोगाचा नसलेला पाऊस. ‘तेहेतीस आणि पाऊस’ ही इथल्या हवामानवेड्यांची शिवी आहे.

दर वेळी टीव्हीवरच्या नकाशात तीन पट्टे असतात. हायवे ८५ च्या वायव्येला बर्फ, ९५ च्या पूर्वेला पाऊस, मधे गुलाबी रंगाचा घोळ. रॉली मधल्या घोळात वसलेलं आहे. डरहॅमला पाच इंच आणि रॉलीच्या दक्षिण टोकाला चिखल, असं एकाच सकाळी होतं.

पण या एका अंशाच्या खेळात एक डाव आपल्या बाजूचाही आहे, आणि तो मला फार आवडतो. पाचरीतली हवा कोरडी असते. थर्मामीटर अडतीस दाखवत असलं तरी दवबिंदू पंधरावर असला, तर पहिले थेंब पडता पडताच वाफ होऊन जातात आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जातात. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं त्याच कारणानं अख्खं शहर तासाभरात बत्तीसच्या खाली येतं. मागच्या दारी माझं थर्मामीटर आहे. अडतीस, सदतीस, पस्तीस असा तो आकडा उतरताना पाहणं यासारखं सुख नाही. पावसात मिसळून एखादा पांढरा तुकडा येतो, बाहीवर पडतो, क्षणभर सहा टोकं दिसतात न दिसतात तोच पाणी. मग दोन तुकडे. मग मी शेजारच्यांना फोन लावतो, आणि ते आधीच अंगणात उभे असतात.

पोस्टमनसाहेबांनी बर्फ मोजायला एक फळी केली आहे. सोळा इंची चौरस प्लायवूड, पांढरा रंग दिलेला. घरापासून आणि झाडांपासून लांब, सपाट जागी ठेवायची. सहा तासांच्या आत पुसायची नाही. पुसली तर पुन्हा पुन्हा नव्यानं मोजून बेरीज फुगते, आणि फुगवलेल्या इंचाचा त्यांना मनस्वी तिटकारा आहे. देशभरात हजारो लोक अशा फळ्या आणि चार इंची पर्जन्यमापकं घेऊन रोज सकाळी सात वाजता आकडे कळवतात, फुकट. साहेब शून्यसुद्धा कळवतात. ‘आज काही पडलं नाही, हीसुद्धा बातमीच आहे,’ असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, आयुष्यभर घरोघर टपाल टाकलेल्या माणसालाच हे सुचू शकतं.

२००० सालच्या त्या वादळाची गोष्ट ते दर हिवाळ्यात सांगतात. २४ जानेवारीच्या दिवसभर मॉडेलं म्हणत होती की वादळ किनाऱ्यापासून लांबून जाईल. अंदाज वर्तवणारेही तेच म्हणाले, दुसरं काय म्हणणार? रात्री बर्फ सुरू झाला आणि सकाळी लोकांना स्वतःच्या गाड्या सापडेनात. पुढं नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या मायकेल ब्रेनन आणि गॅरी लॅकमन यांनी त्याचा छडा लावला. वादळाच्या सुरुवातीलाच दक्षिणेत पावसाचा एक पट्टा पडला होता आणि मॉडेलांना तो नीट दिसलाच नव्हता. वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते, तिनं खालच्या थरातले वारे बदलले आणि समुद्राकडं चाललेलं पाणी जमिनीकडं ओढून आणलं. कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या एका पावसानं राज्याची राजधानी रॉली बंद पाडली. हेच ब्रेनन पुढं मायामीच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राचे संचालक झाले. पोस्टमनसाहेबांना मात्र या उष्णतेपेक्षा वेगळीच गोष्ट सलते. ते म्हणतात, ‘त्या रात्री टीव्हीवर विश्वास ठेवून मी नऊला झोपलो. त्यानंतर एकाही वादळात झोपलो नाही.’

जागरणाचं वेळापत्रक ठरलेलं असतं. अमेरिकन मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं. रात्रीची खेप साडेदहाला दिसू लागते. युरोपियन मॉडेलची पहाटेच्या आधीची खेप एकच्या सुमाराला. त्याची कचेरी इंग्लंडात रेडिंगला, महासंगणक इटलीत बोलोन्याला, आणि त्याची वाट बघणारे आम्ही कॅरोलायनात पांघरुणाखाली, फोनचा उजेड बायकोच्या डोळ्यांवर जाणार नाही अशा बेतानं. एकच अंदाज पुरत नाही म्हणून सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फेरफार करून तेच मॉडेल पन्नास वेळा चालवतात. एडवर्ड लॉरेंझनं १९६१ मध्ये संगणकात .५०६१२७ च्या जागी .५०६ भरला आणि सगळं हवामान निराळ्याच वाटेला गेलं; त्या हजाराव्या भागाहूनही लहान फरकाची ही पन्नास पोरं. त्यांतली अकरा आम्हाला बर्फ देतात, एकोणचाळीस देत नाहीत. आम्ही अर्थातच त्या अकरांची तोंडं बघत बसतो. आमचा बँकवाला तेलुगू मित्र, ज्याच्या सहीशिवाय कुणाला कर्ज मिळत नाही, तोही त्या अकरांच्याच बाजूचा.

ही सगळी मॉडेलं ज्या आकड्यांवर चालतात त्यांतले काही आमच्या जवळूनच वर जातात. ग्रीन्सबरोहून रोज दोनदा हायड्रोजनचा किंवा हेलियमचा फुगा सोडतात, खाली लहानसा डबा बांधून. जगभर एकाच सुमाराला. आमच्याकडं संध्याकाळचे सात, तेव्हा मुंबईत पहाटेचे साडेपाच, आणि तिथूनही एक फुगा त्याच वेळी निघालेला असतो. हे कळल्यापासून मला दोन्हीकडचं आकाश निदान सकाळ-संध्याकाळपुरतं तरी एका दोरीत ओवल्यागत वाटतं.

साडेदहाला अमेरिकन मॉडेल येऊ लागतं तेव्हा गावाकडं सकाळचे नऊ वाजलेले असतात. न्याहारी करून माझे वडील, अण्णा, ओट्यावर बसतात आणि फोन करतात.

“पडला का रं तुझा बर्फ?”

“अजून चार दिवस आहेत, अण्णा.”

“चार दिसांचं आत्ताच कोन सांगतंय?”

“युरोपवाले सांगतात.”

“हां. मग पडंल.”

अण्णांच्या लेखी अंदाज म्हणजे रेडिओवरची पुणे वेधशाळा. त्यातही ते निम्मंच मानायचे, उरलेलं निम्मं स्वतःच्या डोळ्यांचं. मृगात वारा कुठून फिरला, मुंग्यांनी अंडी कधी हलवली, चंद्राला खळं किती लांब पडलं. आमच्या भागात खरा भरवसा परतीच्या पावसावर, उत्तरा आणि हस्तावर, उगवतीकडून गडगडत येणाऱ्या ढगांवर. त्यावरच शाळू पेरायचा. सप्टेंबरच्या दुपारी सगळे पुरुष पारावर पूर्वेकडं तोंड करून बसलेले मी पाहिले आहेत. कुणी काही बोलत नसे. एखादा ढग डोंगरासारखा चढायचा, त्याचा माथा ऐरणीसारखा पसरायचा, आणि अण्णा म्हणायचे, ‘ह्यो म्हसवडच्या अंगाला जाणार.’ तो जायचाच.

आमच्या इथल्या बर्फाच्या आदल्या रात्रीही चंद्राला खळं पडतं. वादळाच्या पुढं धावणाऱ्या विरळ, उंच ढगांत बर्फाचे षटकोनी स्फटिक असतात, त्यांतून उजेड वळतो आणि चंद्राभोवती बावीस अंशांचं कडं उमटतं. एकदा त्याचा फोटो मी अण्णांना पाठवला. त्यांनी तो नातवाकडून मोठा करून पाहिला आणि कुठलंही मॉडेल न उघडता सांगितलं, “दोन दिसांत येतंय बघ काहीतरी.” आलं. काय आलं ते पुढं सांगतो.

विज्ञान जिथं एका अंशावर येऊन थांबतं तिथून पुढं तोडगे सुरू होतात. आमच्याच राज्यात, डोंगरात बॅनर एल्क नावाचं गाव आहे. तिथं दर ऑक्टोबरात केसाळ सुरवंटांची जत्रा भरते. सुरवंट दोऱ्यावर चढवून शर्यत लावतात, आणि जिंकलेल्या सुरवंटाच्या अंगावरचे तेरा पट्टे हिवाळ्याच्या तेरा आठवड्यांना लावून वाचतात. काळा पट्टा म्हणजे कडाका, तपकिरी म्हणजे सौम्य. मला त्यात काही नवल वाटलं नाही. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्यतृतीयेला घट मांडतात, अठरा धान्यं, चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, पापड, करंजी. रात्रभर तिथं कुणी फिरकत नाही आणि पहाटे कुठलं ढेकूळ भिजलं त्यावरून पाऊस सांगतात. इथली शाळकरी मुलं बर्फाच्या आशेनं पायजमा उलटा घालून झोपतात, उशाखाली चमचा ठेवतात. मोठी माणसं असलं काही करत नाहीत. ती फक्त गॅरेजातून फावडं बाहेर काढत नाहीत, कारण काढलं की पाऊस होतो. नर्सबाई वादळाच्या आठवड्यात ‘बर्फ’ हा शब्दच उच्चारत नाहीत. मी त्यांना दृष्ट लागण्याबद्दल सांगितलं, तर त्यांना ते लगेच पटलं.

दोन दिवस उरले की शहर हलतं. रस्ते-खात्याचे टँकर मिठाचं पाणी शिंपत जातात, शेकडा तेवीस मीठ, आणि काळ्या डांबरावर सरळ पांढऱ्या रेघा सुकून राहतात. किराणा दुकानांतून पाव आणि दूध नाहीसं होतं. का तेच दोन, हे कुणालाच सांगता येत नाही. मॉरिसव्हिलच्या देशी दुकानात वेगळीच झुंबड असते. दह्याचे डबे, कोथिंबिरीच्या जुड्या, दहा किलो आटा, मॅगीची खोकी, आणि रांगेत एकामागून एक गुजराती, तेलुगू, मराठीतून वॉर्म नोजची चर्चा. हिनं त्या खळ्याच्या वेळी दोन गॅलन दूध आणलं. फ्रीजमध्ये ठेवताना म्हणाली, “तुमचा बर्फ येवो न येवो, दूध आलंय.”

या उत्साहाला एक बोचरी बाजू आहे. इथं बर्फाची सवय कुणालाच नाही, त्यामुळं थोडासाही बर्फ जिवावर बेततो. २००५ च्या जानेवारीत रॉलीत इंचभरही पडला नव्हता. पण रस्ते कडक गारठलेले, टायरखाली तो वितळला आणि लगेच काच होऊन गोठला. दुपारी सगळं शहर एकाच वेळी घरी निघालं आणि रस्त्यांवर अडकलं, हजारो मुलांनी शाळेत रात्र काढली. २०१४ च्या जानेवारीअखेर अटलांटात दोन-अडीच इंचांनी तेच केलं, आणि दोन आठवड्यांनी आमच्या ग्लेनवुड अव्हेन्यूवर बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये एक पेटलेली, असा फोटो देशभर फिरला. बर्फाच्या दिवशी मला घरून काम करता येतं. छपरं घालणाऱ्याला, हॉटेलात भांडी घासणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी मिळत नाही. रात्रपाळीच्या नर्सबाई तर बर्फासाठी जीव टाकतात आणि बर्फ आला की त्यांनाच दवाखान्यात खाटेवर मुक्काम करावा लागतो. दोन्ही गोष्टी त्यांच्या एकाच मनात कशा नांदतात ते त्यांनाही विचारलं आहे. त्या हसल्या.

अण्णांनी एकदा फोनवर सरळ विचारलं होतं, “पन त्या बर्फानं पिकतंय काय?”

काहीच नाही, म्हणालो.

“मग कशापायी एवढं?”

बाहत्तरच्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली आणि सुकडी खाल्ली त्या माणसाला या ‘कशापायी’चं काय उत्तर द्यावं? त्यांच्या वाट बघण्याला पोट होतं. आमची चैन आहे, हे मान्यच. पण एक गोष्ट मला त्या पारावर दिसली होती तीच इथं दिसते. माझी आत्या चिपळूणला दिली होती. तिच्या घरी पावसाबद्दल कुणी बोलत नसे; तो होता. छपराला, विहिरीला, भाताला, उठता-बसता. ढगांची नावं आमच्याकडं. वाऱ्याची कूस बदलली हे आमच्याकडं ओळखत. तसंच बफेलोला वर्षाला नव्वद इंचांहून जास्त बर्फ पडतो, तिथल्या माणसाला दवबिंदू विचारला तर तो फावडं पुढं करील. दीड किलोमीटरवरच्या, म्हणजे ८५० मिलिबारच्या थरातल्या हवेचं तापमान तोंडपाठ असलेला पोस्टमन पाहायचा तर रॉलीलाच यावं लागेल. जी गोष्ट उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरते, तिच्या पावलांची खडान्‌खडा माहिती त्या उंबऱ्यावर बसलेल्यालाच असते. आणि या माहितीनं आशा शहाणी होईल म्हणावं तर तेही होत नाही. काय काय बिघडू शकतं हे जितकं जास्त कळतं, तितका बिघडलं नाही तर होणारा आनंद आधीच दिसू लागतो.

तर ते खळ्यानंतरचं वादळ. शनिवारी संध्याकाळी थर्मामीटर सदतीस, दवबिंदू सोळा. पाचर जागेवर होती. आठला पहिले थेंब, पावणेनऊला बाहीवर पांढरे ठिपके, नऊला बत्तीस. आम्ही पाचहीजण आपापल्या खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याकडं बघत होतो, कारण अंधारात हिमकण फक्त दिव्याखालीच नीट दिसतो. अर्धा तास बर्फ सुंदर पडला, मोठाले, सावकाश, एकमेकांना चिकटलेले झुबके. मग दिव्याखालची चाल बदलली. कण जोरात, सरळ रेषेत खाली येऊ लागले, आणि मॅग्नोलियाच्या कडक पानांवर तडतड सुरू झाली. खडे. म्हणजे वर नाक शिरलं होतं. तेलुगू मित्राचा फोन आला, एकच शब्द, ‘स्लीट.’ पोस्टमनसाहेब फळीवरचे खडे पट्टीनं मोजत होते, तीन अष्टमांश इंच, आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे टिपून घेतले. उत्तरेकडचा जड दाब अंदाजापेक्षा लवकर समुद्रावर सरकला, पाचरीला मागून येणारा थंडीचा पुरवठा तुटला. साडेअकराला बत्तीस. बाराला तेहेतीस.

आणि पाऊस.

युरोपियन मॉडेल एकला आलं तेव्हा त्यानंही तेच सांगितलं, जे आम्ही पन्हाळीच्या आवाजावरून ऐकतच होतो. दक्षिण व्हर्जिनियात सात-आठ इंच. असं दुःख एकटं येत नाही. २०२५ च्या जानेवारीत तर बर्फ आम्हाला ओलांडून खाली आखाताच्या किनाऱ्याला गेला होता; न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर आठ इंच, फ्लोरिडात ताडाच्या झाडांखाली मुलं बर्फाचे गोळे करताहेत, आणि रॉलीच्या वाट्याला नाव घेण्याजोगं काही नाही. त्या दिवशी भूगोलाच्या बाईंनी वर्गात नकाशा उघडलाच नाही म्हणे.

सकाळी अण्णांचा फोन आला. पाऊस झाला म्हटल्यावर त्यांचा आवाज खुलला. “आरं मग चांगलंच की! किती झाला?” पर्जन्यमापकात एक इंच वीस शतांश भरलं होतं. मिलिमीटरमध्ये तीस सांगितलं. “तीस!” अण्णा म्हणाले, आणि शेजारी बसलेल्या कुणालातरी त्यांनी तो आकडा ऐकवला.

दुधाचं काय करायचं हा प्रश्न दुपारी निघाला. दोन गॅलन म्हणजे साडेसात लिटर. घरात माणसं तीन. हिनं मोठं पातेलं चढवलं, वेलदोडे कुटले, चारोळ्या शोधून काढल्या आणि संध्याकाळी सगळ्यांना बासुंदीला बोलावलं. पोस्टमनसाहेब पट्टी आणि वही घेऊनच आले. नर्सबाई दवाखान्यातून थेट. पहिली वाटी संपायच्या आत दाब नेमका किती वाजता किनाऱ्यावरून सरला यावर वाद पेटला. बाई म्हणत होत्या नऊला, मित्र म्हणत होता साडेदहाला, साहेबांच्या वहीत वाऱ्याची दिशा दहाला बदललेली होती. ही पळी हातात घेऊन उभी होती. “तीन तास आटवलीय,” ती मला मराठीत म्हणाली, “खाताना तरी त्या मेल्या नाकाचं नाव काढू नका म्हणावं.”

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. तोवर पोस्टमनसाहेबांनी वाटी बाजूला सारली होती आणि टेबलावर लॅपटॉप उघडून ते ८५० मिलिबारचा नकाशा शोधत होते.